पेटीतले आवाज

कॉम्प्युटरमध्ये गणितं होतात आणि गणिताला आवाज नसतो. निदान नसावा, अशी आपली समजूत. प्रोसेसरच्या चिपमध्ये हलणारा भाग एकही नाही. अब्जावधी ट्रान्झिस्टर तिथे मुकाट्यानं उघडझाप करत बसलेले असतात. मग टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीतून रात्री अकरानंतर घरघर, खडखड, टकटक आणि मधूनच एखादा दीर्घ सुस्कारा कसा येतो, हा प्रश्न डेस्कटॉप बाळगणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतोच. लॅपटॉपवाल्यांकडे तो निघत नाही. लॅपटॉप गुपचूप बिघडतो आणि थेट बिल पुढे करतो. डेस्कटॉप आधी सगळ्या घराला ऐकवतो, कुरकुर करतो, आणि मगच बिघडतो. मला तो जास्त सभ्य वाटतो.

आमच्याकडचा डेस्कटॉप बोलायला लागला तेव्हा पहिली अडचण आली ती साक्षीदारांची. आईच्या मते आवाज घुमतो. वर चढतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो. बायकोच्या मते तो खडखडतो, आणि तोही नेमका ती झोपायला आली की. मुलाला चीं चीं असं काहीतरी ऐकू येत होतं. "बाबा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?" असं त्यानं ज्या सुरात विचारलं, त्यात बापाच्या वयाचा स्पष्ट उल्लेख होता. आणि मला ऐकू येत होती ती बारीक टकटक. ती इतर कोणाला ऐकू येत नव्हती, कारण त्या वेळी घरात जागा असणारा मी एकटाच. चार माणसं, चार आवाज. पोलीस चौकीत अशी जबानी दिली असती तर फिर्यादीलाच बसवून ठेवलं असतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला की तो पहिलं विचारतो, "सर, आवाज कसा येतोय?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तोंडानं काढून दाखवावं लागतं. भर ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाईल तोंडाशी धरून 'घर्रर्र… टक… घर्रर्र' असं करणं चाळिशी उलटलेल्या माणसाला शोभत नाही. पलीकडून सूचना येतात. "सर, जरा लांबून करा, फाटतंय." लांबून केलं. "सलग येतो का थांबून थांबून?" थांबून थांबून केलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी न बोलता पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. सगळं ऐकून झाल्यावर दुरुस्तीवाला म्हणाला, "व्हायरस असेल. फॉरमॅट मारून घेऊ." फॉरमॅट हा या धंद्यातला एरंडेल आहे. दुखणं कुठलंही असो, आधी ते पाजायचं आणि मग रोग्याला विचारायचं, कुठे दुखतंय?

तरी एक मुलगा घरी पाठवला त्यांनी. तो आला आणि आवाज बंद झाला. याचं कोणालाच आश्चर्य वाटणार नाही, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. पण व्हिजिटिंग चार्ज घ्यायचा तर काहीतरी करायला हवं, म्हणून त्यानं रॅमची पट्टी काढली आणि खिशातून खोडरबर. पट्टीच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर घासून ती परत बसवणं ही आपल्याकडची पारंपरिक विद्या आहे, आणि खरं सांगायचं तर तीत तथ्यही आहे. आपल्या दमट हवेत त्या टोकांवर मळाचा पातळ थर साचतो, वीज नीट जोडली जात नाही, आणि पीसी सुरू करताच लांब लांब शिट्ट्या मारत राहतो. घासलं की गप्प.

त्या शिट्ट्यांचीही एक भाषा होती. अवॉर्ड कंपनीचं बायोस असेल तर एक आखूड शिट्टी म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डात गडबड. लांब शिट्ट्या थांबतच नसतील तर रॅम. मशिनचा पडदा काळा असताना मशीन स्वतःचं दुखणं स्वतःच सांगत असे. पुढे कॅबिनेटवाल्यांनी तो इवलासा भोंगा देणंच बंद केलं. हल्ली पीसी सुरू झाला नाही तर तो नुसता बसून राहतो, आणि आपणही त्याच्यासमोर नुसते बसून राहतो. आमचा पीसी मात्र सुरू व्हायला एका पायावर तयार होता. तक्रार त्यानंतरची होती, आणि खोडरबर तिथवर पोचत नाही.

खरा तपास सुरू झाला तो शेजारचे काका आल्यावर. काकांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. गाडी फाटकातून आत शिरताना ते चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचं काय ते बघा. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं, "मोठा स्क्रू ड्रायव्हर आण." मी म्हटलं, "काका, कॅबिनेटचं झाकण हातानंच निघतं." ते म्हणाले, "उघडायला नाही रे. ऐकायला."

मेकॅनिक लोकांची ही जुनी युक्ती आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या संशयित भागावर टेकवायचं आणि मूठ कानाशी दाबायची. घन वस्तूतून आवाज थेट हाडापर्यंत येतो, आजूबाजूचा गलबला मागे राहतो. पण चालू मदरबोर्डवर लोखंडी टोक नेणं म्हणजे तपासाबरोबर रोगीही संपवणं. मुलगा ओरडलाच, "काका, शॉर्ट होईल!" काकांनी क्षणभर विचार केला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. लाकूड. लांब. दोन्हीकडे निमुळतं. पोळ्यांचं लाटणं बाहेर आलं. एक टोक कॅबिनेटमधल्या पत्र्यावर आणि दुसरं काकांच्या कानावर, डोळे मिटलेले, आणि घरातले आम्ही सगळे श्वास रोखून भोवती उभे. बायको दारात येऊन बघून गेली. जाताना फक्त म्हणाली, "नंतर ते घासून ठेवा."

झाकण उघडल्यावर आत काय निघालं, ते तपशिलात सांगत नाही. शंकेची पाल मनात चुकचुकायच्या आधी एक खरीच पाल पॉवर सप्लायच्या मागून निघून भिंतीवर गेली. ऊब तिथे छान असते. बाकी धूळ. प्रोसेसरवरच्या पात्यांच्या जाळीत ती अशी बसली होती की घडी करून काढता आली असती. धुळीचा आणि आवाजाचा संबंध सरळ आहे. हवा खेळली नाही की चिप तापते, चिप तापली की मदरबोर्ड पंख्याला जोरात फिरायला सांगतो, आणि पंखा घोंघावायला लागतो. म्हणजे सुस्काऱ्याचा उलगडा ब्लोअरनंच झाला. हा ब्लोअर बाल्कनीत मारू नये. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात आणि त्यांना कॉम्प्युटरच्या आरोग्याशी काही देणंघेणं नसतं.

मग काका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही काय म्हणालात, घुमतो?" आई तरुणपणी गाणं शिकली आहे. ती म्हणाली, "दोन तंबोरे जवळजवळ लागलेत, पण लागलेले नाहीत, तसं." हे ऐकून काकांनी टाळीच वाजवली. पुढचा पंखा हवा आत ओढतो, मागचा बाहेर टाकतो. दोघेही मिनिटाला बाराशेच्या आसपास फिरत होते, पण अगदी सारखे नाहीत. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र आले की ते एकमेकांना कधी मदत करतात, कधी खोडून काढतात. म्हणून आवाज वूंऽऽ करत चढतो आणि उतरतो. तंबोरा लावणारा हेच हेलकावे ऐकत खुंटी पिळतो आणि ते मिटले की थांबतो. मुलानं बायोसमध्ये जाऊन मागच्या पंख्याचा वेग बराच खाली आणला. घुमणं थांबलं. इतकी वर्षं ज्या कॉम्प्युटरला आई हात लावत नव्हती, त्याचं पहिलं अचूक निदान तिनं सोफ्यावर बसून केलं.

पंख्यांबद्दल आणखी एक. थंडीच्या सकाळी कुरकुरणारा आणि अर्ध्या तासात गप्प होणारा पंखा म्हणजे त्याच्या बेअरिंगमधलं वंगण आटलं आहे. मागचं गोल स्टिकर सोलून शिवणयंत्राच्या तेलाचे एकदोन थेंब सोडले तर तो काही महिने निमूट चालतो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तिथे खोबरेल तेल सोडलं होतं. दिवाळीपर्यंत उत्तम चाललं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि पुण्यातला डिसेंबर त्याहून बराच थंड असतो. पंखा पहाटे जाम व्हायचा आणि दुपारी सुटायचा. गृहस्थ तो पीसी जेवणानंतरच लावायचे.

बायकोच्या खडखडीचा तपास नाजूक ठरला. ती म्हणत होती तेच खरं होतं: आवाज रात्री अकरालाच यायचा. त्या वेळेला अँटिव्हायरसची रोजची तपासणी लावलेली होती. तपासणी म्हणजे हार्ड डिस्कची धावपळ. डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात, वर वाचणारा दांडा पुढेमागे झेपा घेत असतो. त्यानं कॅबिनेटचा पत्रा थरथरायचा. पण पत्रा थरथरला म्हणून एवढी खडखड? लाटणं वर वर सरकत गेलं आणि कॅबिनेटच्या माथ्यावर थांबलं. तिथे पितळेचा गणपती होता. कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी पूजा करून बसवलेला. कोणीच काही बोलेना. विघ्नहर्त्यालाच विघ्न म्हणायचं कसं? काकांनी लाटणं हळूच खाली ठेवलं. शेवटी आईनं अक्षता आणल्या, वाहिल्या, मूर्ती जागच्या जागी किंचित हलवली, मग उचलून खाली मऊ कापडाची चौपदरी घडी घातली आणि परत बसवली. खडखड बंद. कापडाऐवजी रबर घातलं असतं तर तांत्रिकदृष्ट्या जास्त बरं, असं मुलगा म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मुलाची चीं चीं मात्र लाटण्याला सापडेना, कारण काकांना ती ऐकूच येत नव्हती. मलाही नाही. माणसाचा कान तरुणपणी २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढतं तसा वरच्या टोकाकडून झिजत येतो. त्यामुळे या आवाजाच्या बाबतीत घरातला सर्वात बेभरवशाचा माणूसच एकमेव साक्षीदार होता. मुलगा सांगत होता, गेमच्या मेन्यूत गेलं की आवाज चढतो, पान सरकवलं की चिरकतो. आम्ही म्हणत होतो, अभ्यास टाळायचं निमित्त. पण पोरगं बरोबर होतं. ग्राफिक्स कार्डावर आणि पॉवर सप्लायमध्ये तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, चुंबकी जोरानं तार आणि तिचा गाभा थरथरतो, आणि वेटोळं गाऊ लागतं. याला कॉइल व्हाइन म्हणतात. गेमच्या साध्या मेन्यूत काढायला काहीच नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं उगाचच काढत सुटतं आणि वेटोळी टिपेला जातात. चित्रांच्या वेगाला मर्यादा घातली की सूर उतरतो. बिघाड नाही, धोका नाही.

धोका नाही म्हणजे पीसीला नाही. २०१३ मध्ये डॅनियल गेन्किन, अदी शमीर आणि एरान ट्रोमर या तीन संशोधकांनी हाच किणकिणाट ऐकून लॅपटॉपमधली ४०९६ बिटांची गुप्त किल्ली शोधून दाखवली. शमीर म्हणजे आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या नावातला 'एस'. स्वतःच्याच कुलपाला कान लावून बसलेला माणूस. शेजारी ठेवलेला साधा मोबाईल त्यासाठी पुरला, आणि वेळ लागला तासाभराचा. अर्थात त्यासाठी लॅपटॉपकडून मुद्दाम बेतलेले संदेश उलगडून घ्यावे लागले, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच दुरुस्तीही झाली. तरीही, आमच्या मुलानं 'मला कॉम्प्युटर काय करतोय ते ऐकू येतं' म्हटल्यावर आम्ही हसलो होतो, ते आता हसत नाही.

जे आवाज कॉम्प्युटरचे नसतातच, त्यांची गोष्ट थोडक्यात. टेबलाखालचा यूपीएस. व्होल्टेज खालीवर झालं की त्याचा रिले टक्कन वाजतो आणि शिव्या कॅबिनेटला बसतात. वीज गेली की तो टीं टीं करतो, आणि वीज असूनही टीं टीं करत असेल तर बॅटरीनं मान टाकली आहे. स्पीकरमधून अचानक 'टिटीटिट् टिटीटिट्' यायचं आणि दोन क्षणांत मोबाईल वाजायचा, ते आठवतं? टूजी फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा झटके देत बोलायचा आणि स्पीकरच्या वायरी ते झटके पकडायच्या. फोन येणार हे मला फोनच्या आधी कळायचं, त्याचा घरात थोडा दरारा होता. फोरजी आलं आणि ती सिद्धी गेली.

राहिली माझी टकटक.

ती या सगळ्यांत हळू होती. घुमणं, घोंघावणं, खडखडणं यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि त्यांतल्या एकानंही कॉम्प्युटरचं वाकडं होणार नव्हतं. काकांनी लाटणं हार्ड डिस्कवर टेकवलं, ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे इंजिन उतरवावं लागणार असेल तेव्हा यायचे. टक. थोडी उसंत. टक. "हे काय शोधतंय?" त्यांनी विचारलं. बरोबर विचारलं. डिस्कचा वाचणारा मणी तबकडीवरून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतो. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो. तबकडीवरच्या खुणा वाचता आल्या नाहीत की दांडा मागे जाऊन मुक्कामाला टेकतो आणि पुन्हा निघतो. प्रत्येक परतीची एक टक. १९९० च्या दशकाच्या शेवटी आयोमेगा कंपनीच्या झिप ड्राइव्हनं या आवाजाला 'क्लिक ऑफ डेथ' हे नाव मिळवून दिलं, आणि ते नाव बदलायची वेळ अजून आलेली नाही.

गंमत अशी, की डिस्क आवाज करते तशी आवाजाला भितेही. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्यानं डिस्कच्या मांडणीसमोर उभं राहून जोरात आरोळी ठोकली आणि त्या क्षणी डिस्क मंदावल्याचं आलेखावर दाखवलं. म्हणजे कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्याच्यावर ओरडणारे तमाम लोक त्याला आणखी हळू करत होते. २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली; वायू इतक्या मोठ्या आवाजात सुटला की डिस्कच निकामी झाल्या आणि बँकेची सेवा काही तास बंद पडली. आग लागलीच नव्हती. आणि मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये सांगितलेली हकिकत तर याहून वरची. विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' हे १९८९ सालचं गाणं लावलं की काही लॅपटॉप बंद पडत. शेजारच्या, गाणं न वाजवणाऱ्या लॅपटॉपचीही तीच गत. त्या गाण्यातला एक सूर ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. लॅपटॉपच्या कंपनीनं तेवढा सूर गाळणारी चाळणी आत बसवून प्रश्न मिटवला, आणि हकिकत बाहेर आल्यावर हा प्रकार संगणक-सुरक्षेच्या त्रुटींच्या अधिकृत यादीत सीव्हीई-२०२२-३८३९२ या क्रमांकानं नोंदला गेला. आमच्याकडे संध्याकाळची आरती त्याच खोलीत होते. झांज जरा लांब वाजवतो.

टकटकणाऱ्या डिस्कवर घरगुती उपाय पुष्कळ सांगतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, हा सगळ्यात लाडका. करू नका. बाहेर काढल्यावर आपल्या हवेत तिला दरदरून घाम फुटतो, आणि ज्या तबकडीला धुळीचा कण चालत नाही तिला पाणी कसं चालेल? शिवाय मटारच्या पाकिटाशेजारी लग्नाचे फोटो ठेवणं कुठल्याच घरात शांततेनं पार पडत नाही. झाकण उघडून बघू नका, थापट मारू नका, आणि 'फॉरमॅट मारून घेऊ' म्हणणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. ती वाचून दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. खराब झालेल्या जागांचा आकडा वाढताना दिसला की समजा, निरोप आला.

आम्ही त्याच रात्री फोटो, आईच्या गाण्यांच्या ध्वनिफिती आणि करविवरणाची कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवली, आणि नंतर एसएसडी बसवली. तिच्यात तबकडी नाही, दांडा नाही, काहीच फिरत नाही. पेटी आता इतकी शांत आहे की काका दोनदा येऊन चालू आहे ना म्हणून विचारून गेले. पण हलणारं काही नसलं म्हणजे बिघडणारं काही नाही, असं समजू नका. हार्ड डिस्क निदान टकटक करून सांगते. एसएसडी बऱ्याचदा एका सकाळी नुसती दिसेनाशी होते. तेव्हा फोटो-कागदपत्रांची दुसरी प्रत करून ठेवा. पेटीतून आवाज येत असेल तर आज रात्रीच. येत नसेल, तरीही आज रात्रीच.